आमंत्रणानंतरचे वर्ष



शिक्षिकांच्या संस्थांच्या वार्षिक सभांमध्ये एक वाक्य आता दरवर्षी न चुकता ऐकू येते: नव्या मुली येत नाहीत. हे वाक्य उच्चारणाऱ्यांची कळकळ खरी असते, कारण ज्या संस्थेने उमेदीच्या काळात आधार दिला ती डोळ्यांदेखत ओसरताना पाहणे क्लेशदायक असते. परंतु त्या वाक्याची ठेवणच अशी आहे की, न येण्याचा सगळा दोष न येणाऱ्यांच्या पदरात पडतो आणि बोलावणाऱ्यांनी कोणाला बोलावले, कसे बोलावले, आलेल्यांचे पुढे काय झाले, हे प्रश्न विचारायचेच राहून जातात. राहून गेलेले हे प्रश्नच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहेत. त्यांचा विचार हवेत होऊ नये, यासाठी एकच संस्था डोळ्यांसमोर ठेवली आहे: अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९२९ साली स्थापन झालेली आणि पुढे अनेक देशांत पसरलेली डेल्टा कॅपा गामा ही स्त्री-शिक्षकांची संस्था. या संस्थेने ‘बोलावणे’ या कृतीला आपल्या रचनेत मध्यवर्ती स्थान दिले, आणि तिच्या वाढीचे कारण व तिच्या आजच्या ओहोटीचे कारण अशी दोन्ही त्या एकाच कृतीत सापडतात. म्हणून ही निवड.

आरंभी दोन शब्दांचा खुलासा आवश्यक आहे. ‘व्यावसायिक संस्था’ म्हणजे कामगार संघटना नव्हे. संघटना वेतन, बदल्या, सेवाशर्ती यांसाठी मालकाशी किंवा शासनाशी वाटाघाटी करते आणि तिच्या दारात त्या नोकरीतील प्रत्येकाला हक्काने प्रवेश असतो. व्यावसायिक संस्था एकाच पेशातील व्यक्तींना अभ्यास, परस्परसाहाय्य आणि गुणगौरव यांसाठी एकत्र आणते, आणि तिच्या सभासदत्वाच्या अटी ती स्वतः ठरवते. दुसरा खुलासा नावाचा. अमेरिकी विद्यापीठांमध्ये गुणवत्तेवरून सभासद निवडणाऱ्या मंडळांना ग्रीक वर्णमालेतील अक्षरांची नावे देण्याची प्रथा आहे. डेल्टा, कॅपा आणि गामा ही तशीच तीन अक्षरे असून, शिक्षणात किल्लीच्या जागी असलेल्या स्त्रिया असा त्यांच्यामागचा आशय आहे. किल्ली हेच या संस्थेचे चिन्ह आहे.

अशा संस्थेची गरज का पडली? शिक्षकांची मंडळे तर आधीपासून होती. फाय डेल्टा कॅपा या नावाचे शिक्षणक्षेत्रातील एक प्रतिष्ठित मंडळ १९०६ पासून चालत आले होते. मात्र त्याचे सभासदत्व पुरुषांपुरते होते आणि त्याने स्त्रियांना प्रवेश दिला तो १९७४ साली. अडुसष्ट वर्षे. ज्या देशातील प्राथमिक शाळांचा भार मुख्यतः स्त्रियांच्या खांद्यावर होता, त्या देशातील शिक्षणाविषयीचे एक मोठे मंडळ इतका काळ स्त्रियांवाचून चालले. शाळांमधील वागणूकही याच प्रकारची होती. १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बहुसंख्य शहरी शाळामंडळे विवाहित स्त्रीला शिक्षिकेची नवी नोकरी देत नसत, आणि नोकरीत असताना लग्न करणाऱ्या शिक्षिकेला कित्येक ठिकाणी राजीनामा द्यावा लागे. म्हणजे शिकवणारी स्त्री हवी होती. तिचे संसार करणे, तिचे वर चढणे, तिने धोरण ठरवणे मात्र नको होते.

या परिस्थितीतून संस्थापिका अ‍ॅनी वेब ब्लँटन घडल्या. त्यांचा जन्म १८७० साली ह्यूस्टन येथे झाला. १८८६ साली शालेय शिक्षण संपताच त्या पूर्व टेक्सासमधील पाइन हिल या खेड्यात शिकवू लागल्या. वडिलांच्या निधनानंतर ऑस्टिनला येऊन त्यांनी नोकरी करीत विद्यापीठाचे शिक्षण पुरे केले, १८९९ साली पदवी घेतली, आणि १९०१ ते १९१८ ही वर्षे डेंटन येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन केले. १९१६ साली टेक्सासच्या राज्य शिक्षक संघाने त्यांना अध्यक्षपदी निवडले. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

१९१८ साल या विवेचनात विशेष महत्त्वाचे आहे, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. त्या वर्षी मार्च महिन्यात टेक्सासच्या विधिमंडळाने स्त्रियांना प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मताधिकार दिला. आणि राज्यात एकाच पक्षाचे वर्चस्व असल्यामुळे जो प्राथमिक निवडणूक जिंकेल तोच पुढे पदावर बसणार, हे जवळजवळ ठरलेले असे. मतदार-नोंदणीसाठी स्त्रियांच्या हाती सतरा दिवस होते. त्या सतरा दिवसांत सुमारे ३,८६,००० स्त्रियांनी नावे नोंदवली. मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने गावोगावच्या शाखा कामाला लावल्या होत्या, आणि याच संघटनेतील धुरीणांनी ब्लँटन यांना राज्याच्या शिक्षण अधीक्षकपदासाठी उभे राहण्याचा आग्रह केला. त्या निवडून आल्या, आणि संपूर्ण टेक्सास राज्यातून निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. पुढच्या चार वर्षांत त्यांनी मोफत पाठ्यपुस्तके, शिक्षकांचे वाढीव पगार, अध्यापन-परवान्यांचे सुधारित नियम आणि ग्रामीण शाळांची सुधारणा ही कामे मार्गी लावली.

सतरा दिवसांत जवळजवळ चार लाख नावे! आज एखाद्या संस्थेला सतरा महिन्यांत सतरा नावे का मिळत नाहीत, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात यावा. मताधिकाराचे महत्त्व आणि संस्थेच्या सभासदत्वाचे महत्त्व यांची तुलना होऊ शकत नाही, हे मान्यच आहे. तरीही त्या नोंदणीतील तीन गोष्टी कोणत्याही काळात लागू पडतात. जी कृती करायची ती निश्चित होती: अमुक कचेरीत जाऊन नाव लिहून यायचे. तिला तारीख होती. आणि सांगायला आलेली बाई ओळखीची होती, त्याच गावातली, त्याच गल्लीतली. उलट ‘आमच्या संस्थेत या’ या बोलावण्यात नेमके काय करायचे, कधीपर्यंत करायचे आणि कोणाच्या शब्दाखातर करायचे, यांपैकी बहुधा काहीच नसते.

११ मे १९२९ रोजी ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठाच्या परिसरात ब्लँटन यांच्यासह बारा स्त्रिया जमल्या आणि संस्थेची स्थापना झाली. त्या बाराजणींची निवड फार विचारपूर्वक झाली होती. विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या अधिष्ठाता रूबी टेरिल, स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणाच्या प्रमुख अ‍ॅना हिस, बालमानसशास्त्राच्या अभ्यासक हेलन कॉख यांच्यासारख्या विद्यापीठीय स्त्रियांच्या शेजारी शाळेच्या वर्गात उभे राहून शिकवणाऱ्या आणि शाळा चालवणाऱ्या स्त्रिया बसल्या होत्या. शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवरील स्त्री एका टेबलाशी असली पाहिजे, हा त्यामागचा हेतू होता. ब्लँटन यांनी स्वतः खेड्यातील शाळेपासून कॉर्नेल विद्यापीठाच्या डॉक्टरेटपर्यंतची वाट चालून पाहिली होती, तेव्हा या पायऱ्या एकमेकींशी किती कमी बोलतात हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

प्रवेशाची रीत अशी ठरली की, कोणीही अर्ज करून सभासद व्हायचे नाही. विद्यमान सभासदाने आपल्या माहितीतील शिक्षिकेच्या कामाची शिफारस करायची, शाखेने तिच्यावर मतदान करायचे आणि मग तिला आमंत्रणाचे पत्र जायचे. आजच्या दृष्टीला ही रीत उच्चभ्रूपणाची वाटेल. परंतु १९२९ साली ते पत्र ज्या घरी पोचत होते त्या घराची कल्पना करावी. वीस वर्षे वर्ग सांभाळलेली, पण मुख्याध्यापकपदासाठी कधी विचारात न घेतली गेलेली, भाड्याच्या एका खोलीत राहणारी शिक्षिका. तिच्या कामाविषयी कोणी चार ओळी लिहिल्या आहेत असे तिच्या आयुष्यात प्रथमच घडते, आणि त्या ओळी लिहिणारी तिच्याच पेशातील एक बाई असते, जिला ते काम काय असते हे ठाऊक आहे. शाळामंडळ जो सन्मान देत नव्हते तो बरोबरीच्या स्त्रियांनी दिला. स्थापनेनंतर पाच-सहा महिन्यांतच अमेरिकेवर महामंदी कोसळली, विवाहित शिक्षिकांवरील निर्बंध आणखी कडक झाले, पगार थकले. आणि त्याच काळात ही संस्था एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोचत गेली. सुबत्ता असली म्हणजे संस्था वाढतात, हा समज या इतिहासापुढे टिकत नाही.

परंतु दार बंद ठेवून जो सन्मान निर्माण होतो, त्याची किंमत कोणीतरी दाराबाहेर उभे राहून मोजत असते. दक्षिणेतील त्या काळची शाळा वर्णभेदाने दुभंगलेली होती, १९१८ च्या नोंदणीतही अनेक ठिकाणी कृष्णवर्णीय स्त्रियांना परत पाठवले गेले होते, आणि जेथे ओळखीतूनच आमंत्रण जाते तेथे ओळखीच्या सीमा याच आमंत्रणाच्याही सीमा होतात. कृष्णवर्णीय शिक्षिकांनी वाट पाहिली नाही. १९२३ साली, म्हणजे ऑस्टिनमधील सभेच्या सहा वर्षे आधी, न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथे गर्ट्रूड रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकारी शिक्षिकांनी स्वतःची राष्ट्रीय संस्था उभारली होती. तिचे नावही फाय डेल्टा कॅपा; पुरुषांच्या मंडळाचीच तीन अक्षरे. शिक्षिकांच्या संस्थांचा इतिहास सांगताना ऑस्टिनबरोबर जर्सी सिटीचे नाव घेतलेच पाहिजे, कारण निवडीच्या पद्धतीत कोण सुटते हे सुटलेल्यांच्या संस्था पाहिल्यावर कळते.

आता मुख्य मुद्द्याकडे. डेल्टा कॅपा गामाची उद्दिष्टे सात आहेत: जगभरातील स्त्री-शिक्षकांना आत्मीयतेच्या बंधाने एकत्र आणणे, शिक्षणातील स्त्रियांचे स्थान उंचावणे, इष्ट कायद्यांना पाठिंबा देणे, पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देणे इत्यादी. त्यांच्या मूळ क्रमात दुसरे असलेले उद्दिष्ट सन्मानाविषयी आहे आणि त्याचा अर्थ असा की, ज्यांनी शिक्षणाची विशेष सेवा केली आहे, किंवा तशी सेवा करण्याची क्षमता ज्यांच्यात दिसते, अशा स्त्रियांचा गौरव करावा. ‘किंवा’ या शब्दाकडे श्रोत्यांनी लक्ष द्यावे. या शब्दाच्या अलीकडे पन्नाशी उलटलेली, नावारूपाला आलेली शिक्षिका आहे आणि पलीकडे तिसऱ्या वर्षाची, अजून फळ्यावरचे अक्षर सरळ रेषेत न येणारी शिक्षिका आहे. संस्थेच्या शब्दांनी दोघींना समान जागा दिली आहे. व्यवहारात मात्र, केवळ या संस्थेत नव्हे तर सन्मान देणाऱ्या कोणत्याही संस्थेत, वजन हळूहळू अलीकडच्या बाजूला झुकते. केलेली सेवा कागदावर दाखवता येते. क्षमता ओळखण्यासाठी त्या मुलीच्या वर्गात जाऊन बसावे लागते.

आणि येथेच ओहोटीचे खरे कारण आहे. १९२९ साली आमंत्रण देणाऱ्या स्त्रिया सेवेत होत्या. शाळेच्या शिक्षक-खोलीत, प्रशिक्षण वर्गात, तपासणीच्या दौऱ्यात त्यांची रोज नव्या शिक्षिकांशी गाठ पडे. पुढे सभासद निवृत्त झाल्या, संस्थेत मात्र टिकून राहिल्या, आणि हे संस्थेचे मोठेच यश आहे, कारण निवृत्तीनंतरच्या एकाकीपणात तिने त्यांना सोबत दिली. पण निवृत्त शिक्षिकेचा शाळेशी संबंध तुटतो. तिच्या ओळखी तिच्याच वयाच्या राहतात. शिफारस ओळखीतून जाणार, ओळखी समवयस्क, तेव्हा आमंत्रणे निवृत्तांकडून निवृत्तांकडे जाऊ लागतात, आणि पंचविशीतल्या शिक्षिकेला अशी संस्था आहे हेच कळत नाही. तिने नाकारलेले नसते. तिला कोणी विचारलेलेच नसते. नव्या मुली येत नाहीत, या वाक्याचा उलगडा हा आहे.

यावर उपाय म्हणून अनेक संस्था आमंत्रणाची रीतच मोडून दार सताड उघडतात: पत्रक छापावे, अर्ज मागवावेत, वर्गणीत सवलत द्यावी. ही घाई हितावह नाही. वैयक्तिक आमंत्रण हीच या संस्थांजवळची सर्वांत मोलाची वस्तू आहे. तिचा निकष बदलायचा असतो, तिला टाकून द्यायचे नसते. शाखेतील दोन निवृत्त सभासदांनी जवळच्या शाळेत आठवड्यातून एक तास वाचनाच्या मदतीला जावे, वर्गातल्या मुलांना वाचून दाखवावे, शिक्षिकेला प्रश्नपत्रिका तपासू लागावे, आणि मग सहा महिन्यांनी तिच्याविषयी चार ओळी लिहाव्यात. त्या चार ओळींत तिचे पुरस्कार नसतील. ती गोंधळलेल्या मुलाजवळ कशी बसते, हे असेल. असे पत्र ज्या मुलीला मिळेल ती येईल.

या संदर्भात मराठी श्रोत्यांना एका जुन्या प्रयोगाची आठवण करून देणे अगत्याचे आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेस गेल्या, तेथे त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि हिंदुस्थानातील विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मागत त्या गावोगाव बोलल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ म्हणजे रमाबाई-मंडळे निघाली. सभासदाने दरसाल किमान एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षे द्यायचा, असे वचन होते. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत लिहिलेल्या पुस्तकात तेथील स्त्रियांच्या स्थितीवर आणि त्यांच्या संस्थांवर विस्ताराने लिहिले आहे. स्त्रियांनी एकत्र येऊन काय उभे करता येते याचे ते विस्तृत वर्णन मराठी वाचकांपुढे एका मराठी स्त्रीने त्या काळात ठेवले, ही गोष्ट लहान नाही.

त्या मंडळांमध्ये विशेष काय होते? रक्कम लहान होती, काम स्पष्ट होते, आणि मुदत होती. दहा वर्षे. मुदत संपल्यावर, १८९८ साली, रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, झालेल्या कामाचा हिशेब त्यांनी मांडला आणि असोसिएशनची फेररचना झाली. सभासदाला ‘आता पुढे यायचे आहे का’ असे पुन्हा विचारणे यात कमीपणा नाही. उलट आजन्म सभासदत्वाचा आग्रह धरणाऱ्या संस्थेपुढे तरुण शिक्षिका बिचकते, कारण पुढच्या वर्षी आपण कोणत्या गावात असू हेच तिला माहीत नसते. तीन वर्षांचे वचन मागावे आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस संस्थेने तिच्यापुढे हिशेब ठेवावा, ही पद्धत रमाबाईंच्या मंडळांवरून सहज सुचण्यासारखी आहे.

भरतीविषयी इतके पुरे. स्वागताचा विषय अधिक कठीण आहे आणि त्याकडे अधिक दुर्लक्ष होते.

स्वागत म्हटले की डोळ्यांसमोर समारंभ येतो. डेल्टा कॅपा गामामध्ये प्रवेशविधी असतो. लाल गुलाब, किरमिजी आणि सोनेरी हे संस्थेचे रंग, किल्लीच्या आकाराची पिन. विधी सुंदर असतो आणि असावा. परंतु मराठी घरात नव्या सुनेने माप ओलांडले म्हणजे घर तिचे झाले असे कोणी मानत नाही. हिंग-मोहरीचे डबे कोणत्या फळीवर आहेत आणि सासऱ्यांचा चहा किती वाजता लागतो, हे न विचारता कळू लागते तेव्हा ते घर तिचे होऊ लागते. संस्थेचेही तसेच आहे. माप ओलांडण्याची रात्र सर्वांच्या लक्षात असते. त्यानंतरच्या वर्षाचे काय?

समजा, टेक्सासमधील एका लहान शहरात शनिवारची सकाळ आहे. सार्वजनिक वाचनालयाच्या बैठक-खोलीत लांब टेबले मांडली आहेत, कॉफीचे भांडे गरम आहे, घरून करून आणलेले केक आणि फळांच्या फोडी आहेत. तिसरीच्या वर्गावर शिकवणारी एक नवी सभासद दारातून आत येते. तिच्या गाडीच्या मागच्या आसनावर मुलांच्या वह्यांचा गठ्ठा तसाच पडलेला आहे. मागच्या महिन्यात तिला गुलाब मिळाला होता. आज टेबलांभोवतीच्या सगळ्या खुर्च्यांवर पिशव्या ठेवून जागा धरलेल्या आहेत, कारण वीस वर्षे त्याच मैत्रिणी त्याच जागी बसत आल्या आहेत आणि त्यात कोणाचा काही वाईट हेतू नाही. ती कागदी बशी हातात धरून भिंतीपाशी उभी राहते. इतिवृत्त वाचले जाते. त्यात शाखांची ग्रीक नावे आणि समित्यांची आद्याक्षरे येतात, ती तिला उमगत नाहीत. व्याख्यान चांगले होते. निघताना चार जणी प्रेमाने म्हणतात, ‘आलीस, बरे वाटले.’ तिच्या वर्गात मुले किती, तिला सध्या काय जड जाते आहे, हे कोणी विचारत नाही. ती पुढच्या महिन्यात येते. त्याच्या पुढच्या महिन्यात येत नाही.

या खोलीत कोणीही दुष्ट नाही, कोणीही उद्धट नाही. तरी एक सभासद गेली. संस्थेच्या नोंदवहीत ती वर्ष संपेपर्यंत ‘सभासद’ म्हणून दिसत राहील आणि वर्गणी न आल्यावर तिच्या नावापुढे रेघ ओढली जाईल, पण ती गेली त्या शनिवारी. दुसरी, तिसरी आणि चौथी बैठक. संस्थेचे सगळे स्वागत या तीन बैठकांत एकवटलेले असते. ऑस्टिनच्या पहिल्या सभेत सगळ्याच बारा जणी नव्या होत्या. कोणाची जागा ठरलेली नव्हती, कोणाला कोणते आद्याक्षर आधीपासून ठाऊक नव्हते. ती समानता पुन्हा आणता येत नाही. म्हणून तिच्याऐवजी जाणीवपूर्वक काही करावे लागते.

काय करावे लागते? शिफारस करणाऱ्या सभासदाची जबाबदारी शिफारसपत्रावरील सहीबरोबर संपू नये. निदान एक वर्ष तिने नवीला घरून बरोबर आणावे, शेजारी बसवावे, इतिवृत्तातील प्रत्येक आद्याक्षराचा अर्थ कानाशी सांगावा. हे साधे वाटते आणि बहुतेक ठिकाणी होत नाही. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे तिला काम द्यावे. येथे दोन चुका होतात. पहिली चूक, तिला पाहुणी म्हणून बसवून ठेवणे. मानाने बसवलेले माणूस लवकर उठून जाते. दुसरी चूक, चिटणीसपद दोन वर्षे कोणी घेत नव्हते म्हणून ते तिच्या गळ्यात घालणे, आणि तरुणांना संधी दिली असे त्याला म्हणणे. काम लहान असावे, पूर्ण असावे, आणि तिच्या हातखंड्याचे असावे. तिसरीच्या शिक्षिकेने अपूर्णांक शिकवण्यासाठी कागदाच्या पट्ट्या कशा वापरल्या, हे तिने दहा मिनिटांत करून दाखवावे आणि ज्यांनी चाळीस वर्षे अपूर्णांक शिकवले त्या निवृत्त शिक्षिकांनी तिला प्रश्न विचारावेत. त्या दहा मिनिटांत तिला कळते की या खोलीत तिचे काम समजणारी माणसे आहेत. आणि खोलीला कळते की मधल्या काळात वर्ग किती बदलला आहे.

नव्या सभासदाने संस्थेत सामावून जावे, अशी अपेक्षा सगळेच बाळगतात. संस्थेने तिच्यासाठी काय बदलावे, हे कोण विचारते? ब्लँटन आजन्म अविवाहित राहिल्या, आणि त्यांच्या पिढीतील असंख्य शिक्षिका निर्बंधांमुळे एकट्याच राहत होत्या. त्या पिढीने बैठकांच्या ज्या वेळा, समित्यांचे जे ओझे आणि अधिवेशनांचे जे प्रवास ठरवले, ते शाळा सुटल्यानंतरचा वेळ स्वतःचा असलेल्या स्त्रियांच्या हिशेबाने. आजची शिक्षिका शाळा सुटल्यावर आपल्या मुलांना घ्यायला धावते, किंवा आजारी आईकडे, किंवा दुसऱ्या नोकरीवर. ज्या निर्बंधाविरुद्ध त्या पिढीने लढा दिला तो निर्बंध उठला, आणि ज्यांच्यासाठी तो उठला त्यांना सोयीची वेळ संस्थेच्या वेळापत्रकात नाही, हा प्रकार संस्थापिकांना खचितच आवडला नसता. बैठकीच्या खोलीशेजारी मुलांना खेळवायला एक निवृत्त सभासद बसली, तर तो स्वागतविधीइतकाच महत्त्वाचा विधी मानावा.

या संस्थेच्या नियमांत ‘राखीव सभासद’ असा एक वर्ग आहे: शारीरिक अडचणीमुळे किंवा दूर राहण्यामुळे जिला कामात पूर्ण भाग घेता येत नाही, तिचे नाव वहीतून काढायचे नाही. ही तरतूद बहुधा वृद्ध सभासदांसाठी वापरली जाते. ती ज्या समजुतीतून आली आहे, ती समजूत तान्ह्या मुलाच्या आईलाही लागू पडावी. दोन वर्षे ती येणार नाही. तिला दर महिन्याला एक फोन जावा, आणि त्यात वर्गणीचा विषय काढू नये.

शेवटी एका प्रकारच्या नव्या सभासदांविषयी बोलले पाहिजे, ज्यांना कोणी नवे म्हणत नाही. सभासद घटले की लहान शाखा बंद पडतात आणि उरलेल्या सात-आठ जणी शेजारच्या शाखेत सामील होतात. कागदोपत्री ते केवळ हस्तांतर असते. परंतु त्या सात-आठ जणींपैकी कोणी तीस वर्षे आपल्या शाखेची खजिनदार होती, कोणी सगळ्या दिवंगत मैत्रिणींची नावे पाठ म्हणू शकत होती, आणि आता त्या दुसऱ्यांच्या खोलीत, दुसऱ्यांच्या धरून ठेवलेल्या खुर्च्यांमध्ये, कागदी बशी घेऊन उभ्या आहेत. त्यांना प्रवेशविधी नसतो, गुलाब नसतो, शेजारी बसवणारी शिफारसकर्ती नसते. ज्या शाखा हे सामिलीकरण नीट करतात, त्या पहिल्याच बैठकीत बंद झालेल्या शाखेचे इतिवृत्त मोठ्याने वाचून घेतात, तिच्या दिवंगत सभासदांची नावे आपल्या यादीत लिहून घेतात, आणि त्या वर्षीच्या हिशेबाचे काम जुन्या खजिनदारीणबाईंकडे देतात. त्यांच्या शेजारची खुर्ची तिसरीच्या वर्गावरच्या त्या मुलीला द्यावी. दोघींनाही त्या खोलीतले फारसे कोणी ओळखत नाही.